प्लंब

नळ गळायला लागला की आपण प्लंबरला फोन करतो आणि त्यातला 'ब' चांगला ठणकावून उच्चारतो. इंग्रज माणूस हाच 'ब' लिहितो पण बोलताना गिळून टाकतो. त्याच्या तोंडी तो 'प्लमर' असतो. या एका बाबतीत आपण मूळ लॅटिनशी इंग्रजांपेक्षा जास्त इमान राखलं आहे, असं मला उगाचच वाटतं. कारण त्या शब्दाचा बाप आहे लॅटिनमधला 'प्लम्बम', म्हणजे शिसं. शाळेत आवर्तसारणी घोकताना शिशाची संज्ञा 'पीबी' का, हा प्रश्न कुणी विचारला नाही आणि कुणी सांगितलंही नाही. ती याच प्लम्बममधून आली.

रोमन लोक पाण्याचे नळ शिशाचे करत. शिसं मऊ, लवकर वितळणारं, पत्रा काढून गुंडाळला की नळी तयार. शिशाचं काम करणाऱ्यांचे चेहरे पांढरेफटक पडतात, तेव्हा पाणी मातीच्या नळांतून आणलेलंच बरं, असं व्हिट्रुव्हिअस या रोमन वास्तुविशारदाने दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आहे. ऐकलं अर्थातच कुणी नाही. पुढे युरोपात प्लंबर म्हणजे नुसता नळवाला नव्हता, चर्चच्या छपरांवर शिशाचे पत्रे चढवणाराही तोच. 2019 च्या एप्रिलमध्ये पॅरिसचं नोत्र दाम जळालं, तेव्हा छपराचं शेकडो टन शिसं आगीच्या तोंडी गेलं. म्हणजे जुन्या अर्थाने पाहिलं तर जळालं ते प्लंबरचं काम. आपला प्लंबर मात्र आज पीव्हीसी आणि सीपीव्हीसीच्या पाइपांना सोल्यूशन लावत बसलेला असतो. शिशाशी त्याचा संबंध उरलाय तो फक्त नावापुरता.

पण बांधकामातला 'प्लंब' वेगळा. दोरीला शिशाचा गोळा बांधून सोडला, म्हणजे आपला ओळंबाच, की दोरी सरळ खाली उभी राहते. त्या गोळ्यावरून दोरीला नाव पडलं, दोरीवरून सरळपणाला. खलाशी तसलीच दोरी समुद्रात सोडून खोली मोजत, म्हणून इंग्रजीत एखाद्या गोष्टीचा थांग लावण्यालाही 'प्लंब' करणंच म्हणतात. सूर मारणं, धाडकन कोसळणं, यांचे इंग्रजी शब्दही याच शिशातून निघाले. फ्रेंचांनी तर कमाल केली. 'आ प्लॉम', म्हणजे ओळंब्याबरहुकूम उभं असणं. त्यावरून 'अप्लॉम' म्हणजे न डगमगता, ऐटीत वावरणं. आणि क्रिकेटची कॉमेंट्री ऐकत वाढलेल्या कुणालाही 'प्लंब' म्हणजे काय, हे सांगावं लागत नाही. चेंडू पॅडवर, पॅड स्टंपांच्या बरोबर समोर. फलंदाजाने बोट वर व्हायची वाट न बघता चालू लागावं.

आपल्याकडे साइटवर इंजिनिअर 'वॉल प्लंबमध्ये आहे का?' असं विचारतो आणि मिस्त्री 'ओळंब्यात आहे' असं उत्तर देतो. ओळंबा आला संस्कृत 'अवलंब'वरून, खाली लोंबणं यावरून. लोंबणं, लांब, लंब, विलंब, लंबोदर ही सगळी त्याचीच भावकी. इंग्रजांनी वजनाचा धातू पाहिला आणि आपण त्याचं लटकणं पाहिलं. त्यामुळे गोळा शिशाचा जाऊन लोखंडाचा किंवा पितळेचा आला, तरी आपल्या शब्दाला काही झालं नाही.

मिस्त्रीच्या पिशवीतला ओळंबा एकदा हातात घेऊन बघा. खाली निमुळता होत जाणारा लोलक आणि दोरीत ओवलेली एक छोटी ठोकळी. ठोकळीची रुंदी लोलकाच्या जाडीइतकीच, आणि दोरी तिच्या मध्यातून जाते. सगळी अक्कल तिथे आहे. ठोकळी वर भिंतीला टेकवून धरायची, लोलक खाली सोडायचा, त्याचा झोका थांबेपर्यंत वाट बघायची. वारा असेल तर जरा जास्तच. लोलक भिंतीला निसटता चाटून उभा राहिला की भिंत सरळ. भिंतीपासून सुटून लोंबला तर भिंतीचा माथा पुढे आलाय. भिंतीवर रेलला तर भिंत मागे गेलीय. हल्ली लेझर आले आहेत, भिंतीवर हिरवी रेघ मारतात. पण त्यांना बॅटरी लागते. ओळंब्याला पृथ्वी पुरते.

पिसाच्या मनोऱ्याची गंमत इथे आठवते. 1173 साली काम सुरू झालं, आणि खालची माती एका बाजूला जास्त मऊ असल्याने तीन मजले होईतो तो कलायलाही लागला. 1990 मध्ये तो लोकांसाठी बंद करावा लागला. 1993 मध्ये कललेल्या बाजूच्या विरुद्ध, उत्तरेच्या अंगाला सुमारे 600 टन वजनाच्या लाद्या रचून ठेवल्या, त्या शिशाच्या! ओळंबा चुकलेल्या मनोऱ्याला आवर घालायला प्लम्बमच धावून आलं. खरं काम केलं ते नंतर उत्तरेकडची माती थोडी थोडी काढून. साडेपाच अंशांचा कल चारच्या आसपास आला आणि तिथे मुद्दाम थांबले. सरळ उभा मनोरा बघायला तिकीट कोण काढणार?

बरं, स्वतः ओळंबा तरी सरळ असतो का? एकोणिसाव्या शतकात जॉर्ज एव्हरेस्टच्या भारत सर्वेक्षणात सिरोंजजवळचं कल्याणपूर आणि मुझफ्फरनगरजवळचं कालियाना यांच्या अक्षांशांतला फरक दोन रीतींनी काढला. जमीन मोजून आलेला आकडा आणि तारे बघून आलेला आकडा यांत 5.236 सेकंदांची तफावत निघाली, जमिनीवर सुमारे 160 मीटरची. (हा सेकंद घड्याळाचा नव्हे, कोनाचा: अंशाचा 3600 वा भाग.) तारे मोजताना 'सरळ वर' कुठे, हे ठरतं गुरुत्वाच्या दिशेवरून, म्हणजे शेवटी ओळंब्यावरूनच. आणि हिमालयाला जवळ असलेल्या कालियानाचा ओळंबा त्याच्याकडे जास्त ओढला जात होता. कलकत्त्याचे आर्चडीकन, म्हणजे चर्चचे वरिष्ठ धर्माधिकारी, जॉन प्रॅट यांनी 1850 च्या दशकात हिशोब मांडला, तर हिमालयाच्या ओढीमुळे या दोन ठिकाणच्या ओळंब्यांत जवळजवळ 16 सेकंदांचा फरक पडायला हवा होता. एवढा अवाढव्य पर्वत, आणि ओढ अपेक्षेच्या एक तृतीयांश! डोंगरांच्या बुडाशी खोलवर हलक्या खडकाची मुळं असली पाहिजेत, असं उत्तर इंग्रज खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी 1855 मध्ये सुचवलं. पृथ्वीचं कवच तरंगत तोललेलं आहे, ही कल्पना तिथून वाढत गेली. एक दोरी जरा वाकडी लोंबते म्हणून हे सगळं.

घर बांधणाऱ्यांनी याची धास्ती घ्यायचं कारण नाही. दहा फूट भिंतीत पाच सेकंदांचा झोक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी भरतो. मिस्त्रीचं सगळ्यात लहान माप सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटर. एखाद-दुसरं सूत इकडेतिकडे झालंच तर ते गिलाव्यात जिरवायची त्याची तयारी असते, आणि त्याचं बिल वेगळं लागत नाही.