जोरात गेले की डोकं शांत होतं

रिलॅक्स व्हायचं म्हटलं की आपल्याकडे लोकांच्या डोळ्यासमोर अलिबागचं रिसॉर्ट, झोपाळा आणि हातात कोकम सरबत येतं. मला नाही बुवा जमत. झोपाळ्यावर टेकले की पाचव्या मिनिटाला सोमवारची मीटिंग आठवते, मग मेल उघडायचा, मग त्याला रिप्लाय, झालं रिलॅक्स. माझं डोकं शांत होतं ते विंडसर्फिंग करताना, म्हणजे शीड लावलेल्या बोर्डवर उभं राहून वाऱ्याच्या जोरावर समुद्रात पळताना, आणि तेही आरामात तरंगताना नाही, सुसाट सुटल्यावर.

ऑफिसात हे सांगितलं की म्हणतात, अगं ते थ्रिल झालं, आराम कसला त्यात. तर ऐका.

वारा साधारण 12-13 नॉटच्या (एक नॉट म्हणजे ताशी 1.85 किलोमीटर) वर गेला की बोर्ड पाणी कापायचं सोडून पाण्यावर चढतो आणि घसरायला लागतो, ह्याला प्लेनिंग म्हणतात. आधी तळाखालून थपथप आवाज येत असतो, प्लेनिंग लागलं की तो तुटतो आणि नुसती बारीक खरखर राहते, ती पायातून वर येते. पाय बोर्डवरच्या स्ट्रॅपमध्ये, कमरेला हार्नेस म्हणजे रुंद पट्टा, त्याचा हुक बूमच्या, म्हणजे शीड धरायच्या आडव्या दांड्याच्या, दोरीत अडकवलेला, म्हणजे शिडाचा सगळा ओढा कमरेवर जातो आणि हातांना फार काही कामच राहत नाही. आणि खरी गोम इथेच आहे. घाबरून बूम घट्ट आवळला ना, तर दहा मिनिटांत हात असे भरून येतात की मोबाईल पण धरवत नाही, आणि वर बोर्ड वेगही घेत नाही. बोटं सैल, खांदे खाली, वजन हार्नेसवर सोडून द्यायचं, तरच तो पळतो. म्हणजे इथे रिलॅक्स होणं हे टेक्निक आहे, ते केल्याशिवाय पुढे जाताच येत नाही, कुठल्याही योगा क्लासमध्ये मला कुणी इतकं सक्तीने सैल सोडायला लावलं नव्हतं.

अजून एक उलटी गोष्ट म्हणजे वेग वाढला की भीतीने आपण बोर्ड वाऱ्याच्या तोंडाकडे वळवायला बघतो, कारण तसं केलं की तो हळू होतो. पण सगळ्यात जास्त स्पीड मिळतो तो वाऱ्याकडे अर्धवट पाठ करून, खाली वळलं की. त्या क्षणी पोटात गोळा येतो, शीड आत ओढून घ्यायचं आणि पाण्याकडे न बघता लांब बघायचं, बस. तेव्हा ईएमआय आठवत नाही, बॉस आठवत नाही, स्वतःचं नाव तरी आठवतं का शंका आहे.

आपल्या मुंबईत स्पीडसाठी जागा तशी यथातथाच. गिरगाव चौपाटीसमोर मलबार हिलच्या आडोशाला पाणी सपाट मिळतं पण वारा तुटक, मध्येच ढकलतो मध्येच मरतो, आणि बाहेर गेलं की वारा भरतो पण लाटाही येतात. मार्च ते मे दुपारी जमीन तापली की वायव्येकडून खारा वारा सुटतो, तेव्हाच खरी मजा. आणि प्लास्टिक! पिशवी फिनला, म्हणजे बोर्डच्या शेपटाखालच्या पात्याला, अडकली की बोर्ड मागून कुणी धरल्यासारखा दचकतो, फिनची पकड सुटते आणि शेपूट आडवी जाते, तुम्ही शिडासकट पुढे. एकदा फिनवरून मी अख्खी दुधाची पिशवी सोडवली, ब्रँड वाचता येत होता.

मनगटावर जीपीएस घड्याळ असतं, त्यात सलग 10 सेकंदांचा अॅव्हरेज बघायचा, क्षणभराचा पीक फुशारकी मारायला ठीक आहे. माझा बेस्ट 26 नॉट, म्हणजे ताशी 48 किलोमीटर. अँटवान आल्बो नावाच्या फ्रेंच माणसाने 2015 मध्ये नामिबियातल्या ल्युडेरिट्झला 500 मीटरच्या टप्प्यात 53.27 नॉटचा अॅव्हरेज काढला होता, ताशी जवळपास 99 किलोमीटर, नुसत्या वाऱ्यावर. तिथे त्यासाठी मुद्दाम अरुंद चर खणलेला आहे, वारा जोरात आणि पाणी गुळगुळीत. आपल्याकडे 2023 मध्ये हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये इबाद अलीने विंडसर्फिंगमध्ये ब्राँझ मिळवलं, पण ते ऑफिसात कुणालाच माहीत नव्हतं, क्रिकेटचं सगळं तोंडपाठ.

माझ्या 26 ने जगात कुणाला काडीचा फरक पडत नाही आणि मला तेच आवडतं. अप्रेझल नाही, टार्गेट नाही, कुणी फॉरवर्ड करत नाही. 25.4 वरून 26 वर यायला अख्खा सीझन लागला, फक्त मास्टचा, म्हणजे शिडाच्या उभ्या काठीचा, बूड बोर्डवर थोडा मागे घेऊन आणि शीड खाली अजून ताणून. त्या दिवशी किनाऱ्यावर बोर्ड ठेवून मी एकटीच हसत बसले होते, शेजारचा भेळवाला विचारत होता ताई काय झालं.

शिकायचं असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू करा, तेव्हा वारा नरम असतो. जून ते सप्टेंबर समुद्रात उतरायचं नावच नाही. सामान लगेच विकत घेऊ नका, भाड्याचं मोठं बोर्ड आणि छोटं शीड मागा, लाईफ जॅकेट घालाच, आणि वारा किनाऱ्याकडून समुद्राकडे असेल तर एकट्याने अजिबात जाऊ नका. सुरुवातीला फक्त पडायचं आणि शीड पाण्यातून दोरीने वर ओढायचं हेच चालतं, गुडघे न वाकवता ओढलंत तर दुसऱ्या दिवशी कंबर धरणार. जोरात जायची घाई नको, पहिला सीझन बोर्ड वळवता येण्यातच जातो.