तुम्ही विचारलंत म्हणून: गाडीत राहता, मग पाण्याचं काय करता?

आम्ही अमेरिकेत वर्षातले बरेच महिने आरव्हीत, म्हणजे आत स्वयंपाकघर, पलंग, संडास असलेल्या मोठ्या गाडीत राहतो असं कळलं की लोक आधी ग्रँड कॅन्यनबद्दल विचारतात, पेट्रोल किती खाते ते विचारतात. मग आवाज जरा खाली येतो आणि खरा प्रश्न निघतो. पाण्याचं काय? आणि संडासाचं? लातूरच्या वहिनीने विचारलं, इथल्या महाराष्ट्र मंडळात तर दर वेळी कुणीतरी विचारतंच. प्रश्न अगदी योग्य आहे. इंजिन, सोलर, इंटरनेट या सगळ्यांपेक्षा आरव्हीतलं राहणं पाण्यावर ठरतं.

गाडीत तीन टाक्या असतात. एक चांगल्या पाण्याची. दुसरी ‘ग्रे’, म्हणजे बेसिन, सिंक आणि आंघोळीचं सांडपाणी. तिसरी ‘ब्लॅक’, म्हणजे काय ते सांगायला नको. आमची गाडी 25 फुटी, क्लास सी, ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेली. तिची चांगल्या पाण्याची टाकी 40 गॅलनची, म्हणजे साधारण 150 लिटर. पाणी भरलं की गाडीचं वजन दीडशे किलोने वाढतं, हे बहुतेक जण विसरतात. दरवाज्याजवळच्या स्टिकरवर गाडी किती ओझं पेलते ते लिहिलेलं असतं. त्या आकड्यात माणसं, पाणी, सामान सगळं धरायचं. तांदळाची मोठी पोती आणि स्टीलची सगळी भांडी घेऊन निघणाऱ्यांनी तो एकदा वाचावाच.

कॅम्पग्राउंडवर नळ, वीज आणि ड्रेनेज असं ‘फुल हुकअप’ मिळालं तर पाण्याची चिंता नाही. नळाला आधी प्रेशर रेग्युलेटर लावायचा, कारण काही ठिकाणी दाब इतका असतो की गाडीतले पाइप फुटतात. पाण्याचा पाइप पिण्याच्या पाण्यासाठीचा वेगळा घ्यायचा, बागेचा चालत नाही. गाडी बरेच दिवस बंद असेल तर टाकी ब्लीचने धुवायची: दर 15 गॅलनला पाव कप साधं, बिनवासाचं ब्लीच. ते पाणी सगळ्या नळांतून वास येईपर्यंत सोडायचं, काही तास तसंच ठेवायचं, मग ओतून टाकून वास जाईपर्यंत खळखळून धुवायचं.

खरी परीक्षा हुकअप नसलेल्या जागी. हिवाळ्यात अ‍ॅरिझोनात क्वार्ट्झसाइटच्या वाळवंटात गाड्यांचं गावच वसतं. तिथे ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या सरकारी जमिनीवर 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल असा मुक्कामाचा लांब परवाना मिळतो. एरवी त्यांच्या मोकळ्या जमिनीवर बहुतेक ठिकाणी 14 दिवस झाले की हलावं लागतं. तिथल्या ला पोसा भागात पाणी भरायची आणि टाक्या रिकाम्या करायची सोय आहे, पण ती तुमच्या दारात नाही. तेव्हा दीडशे लिटरमध्ये दोन माणसांचे किती दिवस निघतात, यावर सगळं गणित.

लातुरात वाढल्याचा मला इथे फायदा झाला. 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आलं ते सगळ्यांना आठवतं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून आमच्याकडे पिंप, हंडे, कळशा भरून ठेवायची सवय होतीच. शॉवरखाली मिनिटाला सात-आठ लिटर सहज जातात. छोटी बादली आणि तांब्या घेतला तर तेवढ्यात अख्खी आंघोळ होते, तीही डोक्यावरून. गरम पाणी येईपर्यंत जे गार पाणी वाहून जातं, ते खाली पातेलं धरून साठवायचं आणि फ्लशला वापरायचं. ताटं धुण्याआधी कागदाने पुसून घ्यायची. यात पाणी वाचतंच, शिवाय डाळ-भाताची शितं आणि तेल ग्रे टाकीत जात नाही. संडासाच्या टाकीपेक्षा कुजलेल्या वरणाची टाकी जास्त घाण मारते, यावर विश्वास ठेवा.

आता तो दुसरा भाग. संडासाच्या टाकीत पाणी कमी पडलं की घट्ट भाग तळाशी बसतो, वाळतो, ढीग होतो आणि मग कशालाच दाद देत नाही. पाणी वाचवायच्या नादात लोक नेमकं तिथेच वाचवतात. आपल्याकडची पाण्याने धुवायची सवय या टाकीला मानवते. कागद कमी, पाणी जास्त. कागद वापरणारच असाल तर लगेच विरघळणारा घ्या. बरणीत पाणी घालून एक तुकडा टाका आणि हलवा, भुगा झाला तर चालेल. ओले वाइप्स पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, टाकायचे नाहीत.

रिकामी करायची रीत अशी. डंप स्टेशनवर, म्हणजे टाक्या रिकाम्या करायच्या जागी, गाडी लावली की रबरी हातमोजे. तीन इंची पाइप गाडीला लावायचा, दुसरं टोक जमिनीतल्या भोकात घट्ट बसवायचं आणि वर वीट किंवा वजन ठेवायचं, कारण पहिल्या लोटाबरोबर पाइप उसळतो. आधी ब्लॅक टाकीच्या झडपेचा दांडा ओढायचा. पाइपच्या सुरुवातीला पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा लावलेला असला तर बघायला नको वाटलं तरी बघायचं. धार पातळ होऊन थांबली की तो दांडा बंद करायचा आणि मग ग्रेचा उघडायचा. साबणाचं पाणी त्याच पाइपमधून गेल्याने पाइप आपोआप धुतला जातो. क्रम उलटा केलात तर घाण पाइप तसाच घेऊन हिंडाल. शेवटी संडासातून दहा-पंधरा लिटर पाणी टाकीत सोडून ठेवायचं, म्हणजे पुढच्या वेळी तळ कोरडा राहत नाही. पिण्याच्या पाण्याचा पाइप या हातमोज्यांनी धरायचा नाही आणि या पाइपच्या कप्प्यात ठेवायचाही नाही.

हुकअपवर असताना ब्लॅकचा दांडा कायम उघडा ठेवावा असं पुष्कळांना वाटतं. अजिबात नको. पातळ तेवढं निघून जातं आणि बाकीचं मागे राहतं. टाकी निदान दोन-तृतीयांश भरू द्या आणि मग एकदम सोडा. किती भरली ते सांगणाऱ्या दिव्यांवर जाऊ नका. त्यांना जोडलेल्या, टाकीच्या आतल्या खिळ्यांना काहीतरी चिकटलं की रिकामी टाकीही भरलेली दाखवतात.

थंडीत पारा शून्याखाली जाणार असेल तर संध्याकाळीच नळाचा पाइप काढून, पाणी झटकून आत ठेवायचा. रात्री गाडीतल्याच टाकीतून पंपाने पाणी घ्यायचं.

विजेचं थोडक्यात: 30 अ‍ॅम्पच्या जोडणीवर सगळे मिळून 3600 वॉट मिळतात. एसी चालू असताना इंडक्शन आणि मायक्रोवेव्ह एकदम लावलेत की अंधार. फोडणी मी बाहेरच्या टेबलावर करते, कारण आतला स्मोक अलार्म मोहरीलाही घाबरतो.

घ्यावी का, हे विचारणाऱ्यांना मी एवढंच सांगते की आधी आठवडाभर भाड्याने घ्या, तीही पावसापाण्याच्या दिवसांत. जुनी बघायला गेलात तर इंजिनाआधी छत आणि कोपरे तपासा. गाडीतली जमीन पायाखाली मऊ लागली तर पाणी मुरलंय, तिथून सरळ बाहेर पडा. भाड्याने देणारे बरेचदा जास्तीचे पैसे घेऊन ‘टाक्या आम्ही रिकाम्या करू’ म्हणतात. ते नको म्हणा. हातमोजे घालून नवरा-बायको दोघांनीही ते काम एकेकदा करा. हे काम कायम एकाच्याच गळ्यात पडलेल्या घरांतल्या गाड्या विकायला निघालेल्या मी पाहिल्यात, आणि जाहिरातीत कारण मात्र ‘मुलांजवळ राहायला जायचंय’ असं लिहिलेलं होतं.