‘करन्सी’ या एका शब्दाने अडकलेलं पाकीट

विकणाऱ्याने कस्टम्सच्या फॉर्मवर ‘करन्सी’ लिहिलं आणि पाकीट एकोणीस दिवस कस्टम्समध्ये बसलं. आत होत्या फक्त सहा नोटा: जपानने ब्रह्मदेशात १९४२ ते १९४४ मध्ये काढलेले १, ५ आणि १० रुपये. एकूण किंमत अठराशे.

साध्या टपालातून चलनी नोटा पाठवायच्या नसतात, त्यामुळे हा शब्द दिसला की तपासणारा थांबतोच. त्यात नोटेवर इंग्रजीत ‘रुपीज’, आणि वर ‘जपान सरकार मागणीनुसार देण्याचं वचन देतं’ असा मजकूर. ठाण्याहून फास्ट पकडून दोनदा मुंबई गाठली, दोन्ही वेळा प्रश्न एकच: सरकार देणार म्हणतंय, मग हे चलन नाही कसं? जपान युद्ध हरल्यावर ते वचन १९४५ मध्येच बुडालं हे तोंडी सांगून उपयोग नाही, कागद लागतो. आणि कागदांची यादी एकदम कोणी सांगत नाही. पहिल्या फेरीत पॅन आणि आधार, दुसऱ्या फेरीत पैसे भरल्याचा पुरावा!

शेवटी एका पानाचं पत्र चाललं. प्रत्येक नोटेचं वर्ष, मूल्य, अक्षरखूण (अनुक्रमांकाच्या जागी छापलेली अक्षरं). नोटा चलनातून बाद, फक्त संग्रहासाठी. कस्टम्सचं वर्गीकरण ९७०५, म्हणजे संग्राह्य नाणी-नोटांचं. (४९०७ हे बँकनोटांचं शीर्षक, गोंधळ तिथेच होतो.) सोबत बिल आणि नोटांच्या दोन्ही बाजूंचे रंगीत प्रिंट. म्हणून ऑर्डर देतानाच विकणाऱ्याला फॉर्मवरचं वाक्य लिहून पाठवा: ‘चलनबाह्य संग्राह्य नोटा, १९४२-४४’. किंमत खरीच टाकायला सांगा. कमी दाखवली आणि बिलाशी जुळली नाही, तर पुन्हा पहिल्यापासून.

नोटा ओळखणं त्यामानाने सोपं. अक्षरखुणेचं पहिलं अक्षर प्रदेश सांगतं: बी ब्रह्मदेश, एम मलाया, ओ ओशनिया. मलायाच्या सुरुवातीच्या डॉलर नोटांवर अनुक्रमांक असतात आणि त्या महाग जातात. पुढे नुसती अक्षरंच राहिली. केळीचं झाड असलेली, नुसत्या अक्षरांची १० डॉलरची नोट मुबलक आहे, तिला भाव देऊ नका.

खरा धोका १९४५ च्या ब्रिटिश लष्करी प्रशासनाच्या नोटांत. त्या म्हणजे सहाव्या जॉर्जच्या भारतीय नोटा, वर लाल छपाईत ‘बर्मा’चा मजकूर. नकलींत साधी भारतीय नोट घेऊन हा लाल शिक्का मागाहून मारलेला असतो. दहापट भिंगाखाली लाल अक्षरांच्या कडेला बारीक ठिपके विखुरलेले दिसले, तर ती इंकजेटची करामत. कागद ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील (यूव्ही) टॉर्चखाली धरा. निळसर चमकला तर युद्धकाळातला नाही. पण नोट जुनी आणि शिक्का नवा असेल तर टॉर्च काही सांगणार नाही, तिथे भिंगच. टाचणीची भोकं मात्र दोष धरू नका, भारतीय नोटांच्या गड्ड्या टाचलेल्याच असायच्या.

हो, पाऊच. पीव्हीसीचे स्वस्त पाऊच ठाण्याच्या पावसाळ्यात चिकट होतात आणि शाई उचलतात. पॉलिएस्टरचे घ्या, डब्यात सिलिका जेल ठेवा आणि जूनच्या आधी ते बदला.