फसफसायला काय लागतं?

फसफसणारी गोळी ग्लासात टाकून लगेच दुसऱ्या कामाला लागणारी माणसं मला कधी कळली नाहीत. मिनिट-दोन मिनिटांचा तर खेळ, तिकीट नाही, रांग नाही, आणि तेवढ्यात यांना मोबाइल आठवतो! मी ग्लास उजेडात धरतो आणि शेवटचा बुडबुडा फुटेपर्यंत हलत नाही.

पाहण्यासारखं बरंच असतं. गोळी आधी टक्‌कन तळाला बसते. कडेने बारीक बुडबुड्यांच्या माळा सुटतात, मधोमध कोरलेली रेघ भरून येते आणि बघता बघता पुसली जाते. मग एक बाजू किंचित उचलते. गोळी उभी राहते, डुगडुगते, पुन्हा आडवी होते आणि एकदम वर यायला निघते. ती झिजून हलकी झालेली असते हे खरं, पण तिला वर आणतात ते अंगाला चिकटलेले बुडबुडे. वर आल्यावर ती पातळ चकती स्वतःभोवती गिरक्या घेते, सुरसुरते, तिचे तुकडे होतात आणि संपते. त्या वेळी तोंड ग्लासाजवळ नेलं तर नाकाला गार तुषार लागतात. नेऊन बघा, त्यात वयाचा काही प्रश्न नाही.

आत असतं काय? औषध किंवा जीवनसत्त्व जे असेल ते असो, फसफसण्याचं काम मुख्यतः दोघांचं: खाण्याचा सोडा आणि सायट्रिक आम्ल. कोरडे असताना हे दोघे एकमेकांना खेटून महिनोन्‌महिने गप्प बसतात. पाणी आलं की दोघेही त्यात सुटे होतात, एकमेकांना भिडतात आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. साखर पाण्यात गेली तरी साखरच राहते. इथे मात्र मूळचं बरंचसं उरतच नाही. मागे राहतो तो सोडियम सायट्रेट नावाचा क्षार. वायू तरी किती निघावा? 1 ग्रॅम सोडा पूर्ण खर्ची पडला, तर खोलीच्या तापमानाला साधारण 290 मिलिलिटर. म्हणजे चिमूटभर सोड्यातून ग्लासभराहून जास्त वायू! म्हणूनच अशी गोळी बंद बाटलीत टाकून बूच घट्ट लावू नये. बूच उडतं किंवा बाटली फुटते.

गरम पाण्यात हे सगळं झटपट होतं, गारेगार पाण्यात रेंगाळतं, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. गंमत पुढे आहे. वायू थंड पाण्यात जास्त मुरतो. 25 अंशांना एक लिटर पाणी जेमतेम पाऊण लिटर कार्बन डायऑक्साइड सामावून घेतं, शून्य अंशांजवळ तेच पावणेदोन लिटरच्या आसपास जातं. त्यामुळे थंड पाण्यात तमाशा कमी दिसतो, पण पिताना जिभेला चुरचुर लागते. गरम पाण्यात धमाल होते आणि हाती येतं ते मचूळ पाणी. माझं मत थंडाच्या बाजूने. औषधाची गोळी असेल तर अर्थात माझ्या मताला किंमत नाही, वेष्टनावर लिहिलंय तसंच करावं. युरोपीय औषधकोशाची कसोटीही साध्या पाण्याचीच आहे: 15 ते 25 अंशांचं 200 मिलिलिटर पाणी, आणि पाच मिनिटांत गोळी पूर्ण मोकळी झाली पाहिजे.

चमच्याने ढवळण्याची घाई मला निरर्थक वाटते. बुडबुडेच ढवळत असतात की! घाईच असेल तर गोळी मोडावी. तुकडे जितके बारीक तितकी पाण्याला भिडणारी बाजू जास्त. पूड केली तर फेस काठाबाहेर येतो. वायू एकूण तेवढाच निघतो, फक्त सगळा एकदम.

खरी करमणूक पाणी सोडून दुसरं काही घेतलं की सुरू होते. खाद्यतेलात गोळी खड्यासारखी पडून राहते. तेल कोमट केलं, ढवळलं, तरी ढिम्म! नंतर वरून पाण्याचा एक थेंब सोडावा. थेंब तेलातून सावकाश खाली उतरतो, गोळीला टेकतो, आणि नेमक्या त्या ठिकाणाहून बुडबुडे निघायला लागतात. बाकीची गोळी तशीच कोरडी. सगळी मदार पाण्यावर आहे, हे इतक्या स्वच्छपणे दुसरं काही दाखवत नाही. दाट पाकात पाणी असतं, पण ते साखरेत अडकलेलं; बुडबुडे येतात ते आळसावलेले, एकेक. व्हिनेगरमध्ये सोड्याला आयतंच जास्तीचं आम्ल मिळतं आणि गोळीतलं आम्ल बरंचसं बिनकामाचं राहतं. दुधात फेस विरता विरत नाही, वर दूध फाटण्याची भीती. सोडावॉटरमध्ये आधीच वायू ठासून भरलेला, त्याला गोळीचा खरबरीत पृष्ठभाग मिळाला की तोही बाहेर धावतो. ग्लास ताटलीत ठेवूनच हा उद्योग करावा.

अवकाशात तर वर-खाली हा प्रकारच नाही. डॉन पेटिट या अंतराळवीराने 2002-03 मधल्या आपल्या मुक्कामात, आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर, पाण्याच्या तरंगत्या गोळ्यात अशी गोळी घालून पाहिली. बुडबुडे वर जाणार कुठे? ते आतच गर्दी करतात आणि पाण्याचा गोळा थरथरत राहतो.

पिणाऱ्यांसाठी एक रुक्ष गोष्ट सांगायला हवी. 1 ग्रॅम सोड्यात सुमारे 270 मिलिग्रॅम सोडियम असतं आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढांनी दिवसाला 2 ग्रॅमच्या आत राहायचं आहे. रक्तदाबासाठी मीठ तोडलेल्यांनी रोज या गोळ्या घेण्याआधी डॉक्टरांना विचारलेलं बरं.

उरला तो दमटपणा. पाण्यासाठी ग्लासच लागतो असं नाही, दमट हवाही पुरते. शिवाय या क्रियेत पाणीही तयार होतं, त्यामुळे एका कोपऱ्यात सुरू झालेली ओल आपणच पुढे सरकते. म्हणून कारखान्यात या गोळ्या मुद्दाम कोरड्या ठेवलेल्या खोल्यांत बनवतात, आणि नळीच्या झाकणात ओल शोषणारे दाणे असतात. तरीही लोक ती नळी न्हाणीघरातल्या फळीवर ठेवतात, झाकण अर्धवट लावून! सादळलेली गोळी पाण्यात चार बुडबुडे सोडून गप्प होते, कारण तिचा वायू आधीच नळीत निघून गेलेला असतो. झाकणाला आतून जी प्लॅस्टिकची स्प्रिंग असते, ती मुलं खेळायला काढून घेतात. काढू देऊ नये. नळी अर्धी रिकामी झाल्यावर उरलेल्या गोळ्यांना तीच दाबून धरते, नाहीतर त्या एकमेकींवर आपटून नुसता भुगा होतो.