उजवा हात झोळीत

अंजनेरी फाट्याच्या अलीकडे उतारावर खडी सांडलेली होती. एवढंच. ना गाडी आडवी आली, ना कुत्रं. सायकलचं पुढचं चाक सरकलं, मी उजव्या खांद्यावर आपटले आणि वाळकी काडी मोडावी तसा आवाज आतून आला. कॉलरबोन, म्हणजे गळ्याखालून खांद्याकडे जाणारं हाड. डॉक्टर म्हणाले, सायकलवाल्यांचं हे ठरलेलं हाड, बहुतेक वेळा मधल्या भागातच मोडतं. ऑपरेशन नको, पण हात सहा आठवडे झोळीत.

सहा आठवडे म्हणजे काय, ते दुसऱ्या दिवशी सकाळी कंगवा हातात घेतल्यावर कळलं. आधी ह्यांनी वेणी घालून पाहिली. त्याबद्दल न बोललेलं बरं. मग दिंडोरीहून वहिनी आल्या. त्यांचं वर्ष द्राक्षबागेत जातं. "ताई, मान सरळ धरा," म्हणाल्या, केस मुठीत घट्ट धरले, दोन वेढे, एक पीळ, गाठ आत दडवली. "काडी तारेला बांधतो तशी बांधलीय. वाऱ्याने हलायची नाही." खरंच हलली नाही. रात्री झोपून उठले तरी तशीच.

आमच्या रविवारच्या सायकल ग्रुपने मला न विचारता डब्यांची पाळी लावली. सोमवारी मेथी, मंगळवारी मेथी, बुधवारी मेथीचे पराठे. थंडीत मेथी स्वस्त होते, ते ह्या लोकांच्या बरोबर लक्षात. रविवारी राइडनंतरची मिसळ ते माझ्याच घरी घेऊन आले. डाव्या हाताने खाताना तर्री झोळीवर सांडली. तो डाग अजून आहे.

त्यांच्यातल्याच एकाने वाचायला म्हणून फिओरेंझो मान्यी ह्या इटालियन सायकलपटूची गोष्ट पाठवली. १९५६ची जिरो दि'इतालिया, म्हणजे इटलीतली अनेक दिवस चालणारी सायकल शर्यत. शर्यतीच्या मध्यावर ह्याची डावी कॉलरबोन मोडली, तरी त्याने शर्यत सोडली नाही. हाताने हँडल ओढता येईना, म्हणून हँडलला सायकलची ट्यूब बांधली, तिचं टोक दातात धरलं आणि चढ चढला. पुढे पुन्हा पडला, दंडाचंही हाड मोडलं. तरी बर्फ पडत असताना डोंगर चढून शेवटी दुसरा आला! दातात ट्यूब धरलेला त्याचा फोटो आहे. सगळे त्याखाली "काय जिद्द" लिहितात. तेच हाड मोडलेलं असताना मी तो फोटो पाहिला आणि मला नुसतं दुखलं. फिजिओबाईंना दाखवला तर त्या म्हणाल्या, "हे घरी करायचं नाही."

अमेरिकन सायकलपटू ग्रेग लेमंडची गोष्ट मात्र मी दोनदा वाचली. १९८६ला टूर द फ्रान्स ही फ्रान्समधली तशीच अनेक दिवसांची शर्यत जिंकला आणि १९८७च्या एप्रिलमध्ये शिकारीला गेला असताना मेहुण्याच्या बंदुकीचे छर्रे चुकून त्याला लागले. काही छर्रे शरीरात कायमचे राहिले. १९८९ला तो पुन्हा टूरमध्ये उतरला. शेवटच्या दिवशी ५० सेकंदांनी मागे होता, जिंकला ८ सेकंदांनी. लोकांना ते ८ सेकंद आठवतात. मी मधली दोन वर्षं शोधत होते. चांगला सायकलपटू असून मागे मागे राहण्याची ती दोन वर्षं लेखात दोन ओळींत संपली होती.

आणि आपल्या नाशिकचे महाजन बंधू. दोघेही डॉक्टर. २०१५मध्ये दोघांच्या संघाने त्यांनी 'रेस अक्रॉस अमेरिका' पूर्ण केली, समुद्रापासून समुद्रापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर. ह्या शर्यतीत मागून गाडी चालते. गाडीतली माणसं खायला देतात, रस्ता सांगतात, कधी झोपायचं तेही ठरवतात. हे वाचत होते तेवढ्यात बेल वाजली. गुरुवारचा डबा. मेथी नव्हती, शेवभाजी होती.

आता सातवा आठवडा. झोळी सुटली आहे. टेबलाला डावा हात टेकून वाकायचं आणि उजवा हात लोंबता सोडून घड्याळाच्या लंबकासारखा हलवायचा, दिवसातून तीनदा. सायकल गॅलरीत आहे, वाकडं झालेलं हँडल ह्यांनी सरळ करून आणलं, पण तिच्यावर बसायचं ते पुढच्या एक्स-रेनंतरच.

काल दुसऱ्या फळीवरून चहाचा डबा उजव्या हाताने काढला. साखरेचा तिसऱ्या फळीवर आहे. तो ह्यांनी दिला.