आई, पेटी आणि कॅरोल किंग

आई न्यू जर्सीला आली होती तेव्हाची गोष्ट, २०१८ चा उन्हाळा, लिहायचं लिहायचं म्हणत राहूनच गेलं. लिबर्टी झाली, नायगरा झाला, म्हटलं आता एक ब्रॉडवे दाखवू. टाइम्स स्क्वेअरला त्या लाल पायऱ्यांखाली त्याच दिवसाची तिकिटं स्वस्तात मिळतात, तिथे तासभर रांग लावून 'ब्यूटिफुल'ची दोन घेतली. कॅरोल किंगच्या आयुष्यावरचं म्युझिकल. आई सांगलीची, भजनी मंडळात पेटी वाजवते, तिला म्हटलं गाण्यांचं नाटक आहे, तेवढ्यावर तयार.

स्टीफन सोंडहाइम थिएटर ४३व्या रस्त्यावर आहे आणि तिथे आत गेलं की खाली उतरत जायचं, नाटकघर जमिनीच्या पोटात. आई म्हणाली, "तळघरात नाटक?" एसी असला कडक की तिने शाल काढून कानावरून घेतली ती शेवटपर्यंत.

खरी पंचाईत झाली ही बाई कोण ते सांगताना. साँगरायटर म्हणजे काय सांगणार? आपल्याकडे गीतकार वेगळा, संगीतकार वेगळा, गाणारा तिसराच. "ही चाली लावायची, शब्द नवऱ्याचे." "मग संगीतकार म्हण की." म्हटलं बरं, संगीतकार.

ब्रुकलिनची कॅरोल सोळाव्या वर्षी गाणं विकायला १६५० ब्रॉडवेला, म्हणजे म्युझिक कंपन्यांच्या बिल्डिंगमध्ये, जाते (ती थिएटरपासून चालत दहा मिनिटांवर), गाण्यांचे शब्द लिहिणारा जेरी गॉफिन भेटतो, तिला दिवस जातात, सतराव्या वर्षी लग्न. मग एकेका खुराड्यात एक पियानो आणि शेजारी बॅरी मान-सिंथिया वाइल ही दुसरी जोडी, आज कुणाचं गाणं हिट होतंय याची चुरस, मजा आहे सगळी. मुलं सांभाळणाऱ्या पोरीकडून 'लोकोमोशन' गाऊन घेतात आणि १९६२ ला तेही नंबर वन!

पण मला धरून ठेवलं ते 'विल यू लव्ह मी टुमॉरो'ने. आधी कॅरोल एकटीच पियानोवर हळू म्हणते, आणि मग शिरेल्स या ग्रुपच्या चौघी गायिका झगमगत येऊन तेच गाणं अख्ख्या साजासकट म्हणतात, आणि आपल्याला कळतं चाल केवढी साधी होती आणि त्यावर काय काय चढलं. खरीखुरी कॅरोल तेव्हा १८ वर्षांची, व्हायोलिनांची अरेंजमेंटपण तिनेच लिहिलेली. मी आईकडे बघितलं तर तिचा उजवा हात शालीखाली चालला होता, मांडीवर, पट्ट्या शोधत.

टाळ्या पडल्यावर हळूच विचारते, "वन्स मोअर कुणी मागत नाही का गं?"

दुसरा अंक जरा पळवलाय. जेरीची प्रकरणं, घटस्फोट, कॅलिफोर्निया, सगळं भराभर. गायक जेम्स टेलर तर स्टेजवर येतच नाही, आणि तिला लोकांसमोर गायला लावणारा तोच, हे मला खटकलं. पण शेवटाकडे 'नॅचरल वुमन' आहे. १९६७ ला गायिका अरेथा फ्रँकलिनने गाजवलेलं, शब्द जेरीचे. नवऱ्याशी तर फारकत झाली आणि आता त्याचेच शब्द आपल्या तोंडाने म्हणायचे, ती नाही नाही म्हणते आणि मग म्हणते. मी रडले, मागच्या साठीच्या बायका तर उघड सोबत गात होत्या. आणि तिच्या 'टॅपेस्ट्री' या अल्बममध्ये 'यू हॅव गॉट अ फ्रेंड'सारखी गाणी शब्द-चाल-गळा सगळं एकटीचं, १९७१, सलग १५ आठवडे एक नंबरवर. इंटरव्हलला आईला संगीतकार म्हणून सांगितलेली बाई शेवटी कार्नेगी हॉलमध्ये पियानोशी एकटी बसते तेव्हा तिला आपल्या भाषेत काय म्हणायचं ते मला आजही सुचलेलं नाही.

परतीच्या बसमध्ये लिंकन टनेलपाशी ट्रॅफिक तुंबलेलं. आई गुणगुणत होती तीच चाल, तिच्या पद्धतीने, थोड्या हरकती घालून.

"शब्द काय होते गं त्याचे?"

"उद्यापण तुझं माझ्यावर प्रेम असेल का, असं विचारते ती."

"आणि हे त्या जेरीने लिहिलं? पुरुषानं?"

"हो."

"हं. माडगूळकरांनी नाही का बायकांची गाणी लिहिली," असं म्हणून शाल डोक्यावरून घेतली आणि बोगदा यायच्या आत झोपली.