तुम्ही विचारलंत म्हणून: हे मशीन आपल्या आजारामुळेच लागलं का?

सेंटरवर एचआयव्हीच्या गोळ्या घ्यायला गेलं की रांगेतली कोणी ना कोणी विचारतेच, ताई, तुम्ही रात्री नाकाला मशीन लावून झोपता म्हणे, ते आपल्या आजारामुळेच ना? दर वेळी अर्धवट काहीतरी सांगते आणि घरी येऊन चिडचिड होते, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

एचआयव्हीमुळेच का, तर ते कोणीच ठामपणे सांगितलेलं नाही. मशीन आहे ते स्लीप ॲप्नियासाठी, म्हणजे झोपेत घसा आतून बंद होतो, श्वास थांबतो, ऑक्सिजन खाली जातो, शरीर दचकून उठतं, पुन्हा तेच, रात्रभर. सकाळी यातलं काही आठवत नाही, फक्त डोकं जड आणि अंगात त्राण नसतं. एचआयव्ही नसलेल्यांनाही हे ढिगाने होतं. पण आपल्याकडे कारणं जास्तीची आहेत. जुन्या गोळ्यांनी काहींच्या मानेवर, पोटात चरबी साठली. टीएलडी, म्हणजे आताची एचआयव्हीची गोळी, सुरू झाल्यावर कितीतरी जणींचं वजन वाढलं, माझे सगळे ब्लाउज उसवून घ्यावे लागले. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू, तपासणीत सापडत नसला तरी आत थोडी सूज राहते, तिचाही संबंध असू शकतो असं डॉक्टर म्हणाले. त्यात माझी पाळी गेलेली, त्यानेही धोका वाढतो. यातलं माझं कुठलं, कोण सांगणार?

आणि वजन उतरवा एवढंच सांगू नका हो. झोपेच्या तपासणीआधीच्या प्रश्नांमध्ये बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, 35 च्या वर आहे का असं विचारतात, मी त्याच्या आसपासही नाही. आपल्यात सडपातळ माणसांनाही हे निघतं, आणि तिथेच ते सुटून जातं.

नाशिकच्या सीबीएस स्टँडवरून सातपूरला जाताना बसमध्ये उभ्या उभ्या डोळा लागायचा माझा. सगळे म्हणायचे, आपल्याला थकवा असायचाच. मीही तेच म्हणायचे. टीएलई या आधीच्या गोळीवर होते तेव्हा रात्रभर विचित्र स्वप्नं, सकाळी चक्कर, त्यामुळे झोप वाईटच असते हे डोक्यात बसलेलं. तेव्हाच्या मला मी आज दोष देत नाही, सीडीफोर, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी, तळाला असताना घोरण्याची चौकशी कोण करतं? पण बाईमाणूस घोरतं हे सांगायची लाज वाटायची, तेही खरंच. शेवटी मुलीनेच हट्ट धरला. माझा श्वास अडकला की तीच हलवून उठवायची.

तर ती तपासणीची रात्र. नाशिकमधलंच एक खाजगी ठिकाण, नाव घेत नाही. तपासणी करणारा मुलगा नीट बोलत होता, मावशी मावशी करत होता, डोक्याला वायरी चिकटवायला पेस्ट काढून ठेवली होती. मग त्याने फाईल चाळली. बाहेर गेला, बराच वेळ आलाच नाही, आला तो ग्लोव्हजवर ग्लोव्हज चढवून, आणि दारातूनच माझ्या मुलीला म्हणाला, तुम्हीच लावा, मी सांगतो. माझ्या पोरीने भांग पाडून पाडून एकेक वायर चिकटवली, छातीला पट्टा बांधला, बोटाला क्लिप लावली. तो लांबून सांगत होता, थोडं डावीकडे, अजून खाली. तिचे हात थरथरत होते, रागाने. कपाळावरची एक वायर सारखी सुटत होती आणि ती दर वेळी परत दाबून धरत होती. हात लावल्याने काही होत नाही हे त्याला शिकवलेलं असणार ना? मी एक शब्द बोलले नाही, मला फक्त ती तपासणी व्हायला हवी होती. आणि तशातही झोपले, इतकी दमलेले होते.

रिपोर्ट आला, तासाला 41 वेळा श्वास अडकत होता. 30 च्या वर गेलं की तीव्र धरतात.

सीपॅप, म्हणजे ते नाकाचं मशीन, लावल्यापासून सकाळचं डोकं दुखणं गेलं, बसमध्ये जागी असते. थकवा मात्र पूर्ण गेलेला नाही, तो कशाचा ते माहीत नाही. टीएलडी बदलून मागू का असं काहीजणी विचारतात. मी नाही मागितली, व्हायरल लोड दाबून ठेवणारी गोळी मी अशी सोडणार नाही, तुम्हीही मनाने काही करू नका, आधी डॉक्टरांशी बोला. पण दिवसा पेंग येत असेल, घरचे घोरण्याबद्दल सांगत असतील, तर सेंटरवर तेवढंच स्पष्ट सांगा, नुसतं थकवा येतो म्हणू नका.

मुलीचं म्हणणं, 2017 चा एचआयव्हीचा कायदा आहे, असा भेदभाव करता येत नाही, तक्रार कर. मी म्हणते, तक्रारीत माझं नाव येणार, मग तुझं लग्न, आपली गल्ली. ती म्हणते, नाव गुप्त ठेवायचंही त्याच कायद्यात आहे. यावर आमचं अजून भांडण होतं. अर्ज लिहिलेला नाही, आणि लिहिणारच नाही असंही मी तिला म्हटलेलं नाही.